वहीत न उतरलेल्या जखमा

आधी स्वतःच्या अंगावरचा एखादा जुना व्रण शोधा. गुडघ्यावर, हनुवटीखाली, भुवईच्या टोकाला, कुठे ना कुठे असेलच. दहा ते वीस या वयातला असेल तर फारच चांगलं. त्यावर बोट ठेवा आणि घाई न करता आठवा. कशानं लागलं होतं? सोबत कोण होतं? घरी काय सांगितलंत? जे घडलं तेच सांगितलंत, की थोडं वेगळं? पट्टी कुणी बांधली? आणि ती जखम कुठल्या कागदावर लिहिली गेली का?

बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असंच येईल. आईनं हळद दाबली, नाहीतर कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दोन टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पैसे घेतले आणि विषय मिटला. शरीरानं ती नोंद आजवर जपली आहे. आरोग्याच्या सरकारी हिशेबात मात्र ती कधी आलीच नाही. या दोहोंमधल्या अंतराचा विचार आज सावकाश करायचा आहे, आणि त्यासाठी मनानं हैदराबादच्या सुलतान बाजारात यायचं आहे.

जागा मुद्दाम निवडली आहे. हा पूर्वीचा रेसिडेन्सी बाजार. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली ब्रिटिश रेसिडेन्सी इथून हाकेच्या अंतरावर आहे. पुढे तिथंच कोठीचं महिला महाविद्यालय भरू लागलं. कापडाची, बांगड्यांची, खोट्या दागिन्यांची दुकानं, बडी चावडीची भाजी, फुटपाथवर रचलेली जुनी पुस्तकं, डोक्यावरून जाणारी मेट्रो. या भागात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जांबागेतल्या विवेकवर्धिनीनं त्यांच्या किती पोरांना शिकवलं असेल! आणि दवाखान्यांचं म्हणाल तर इतकी दाटी शहरात क्वचितच दिसेल. सुलतान बाजारचा सरकारी प्रसूती दवाखाना, कोठीचा कान-नाक-घशाचा दवाखाना, उस्मानिया मेडिकल कॉलेज, आणि थोडं चालत गेलं की अफझलगंजला मुसीकाठी उस्मानिया दवाखाना. १९०८ च्या सप्टेंबरात मुसीला पूर आला, जुना अफझलगंज दवाखाना त्यात गेला, आणि त्यानंतर सातव्या निजामाच्या काळात व्हिन्सेंट एश यांच्या आराखड्यावर नवी इमारत उभी राहून १९२५ साली सुरू झाली. जवळपास एक शतक या शहरातली मोडलेली हाडं तिच्या पायऱ्यांवरून आत गेली.

दवाखाने इतक्या जवळ असताना, दवाखान्यांच्या वह्या बघून इथल्या पोरांना काय लागतं, कुठे लागतं, किती लागतं, हे कळेल असं कुणालाही वाटेल. मग आपण एक वही उघडून बघू.

कॅज्युअल्टीचं टेबल डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे साडेनऊ. लांबट आकाराची, पुठ्ठ्याच्या बांधणीची एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणांची, वही. कडा हाताळून काळ्या झालेल्या. अनुक्रम, तारीख, वेळ, नाव, वडिलांचं नाव, वय, पत्ता, कुणी आणलं, जखमांचं वर्णन, डॉक्टरांची सही, पोलिसांना कळवल्याची खूण. समोर एक चौदा वर्षांचा मुलगा, डावा हात उजव्या हातानं धरलेला. बाजूला वडील. डॉक्टर मान वर न करता विचारतात, “कैसा लगा?” मुलगा तोंड उघडण्याआधी वडील सांगतात, “गिर गया साब.” वहीत इंग्रजीत एक ओळ उतरते: पडल्याचं सांगितलं जातं. खाली हाडाचं नाव, सूज, हालचाल करताना दुखणं, एक्स-रेचा सल्ला. डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळतात. त्यांच्यामागे आणखी बाराजण उभे आहेत, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही.

आता त्या एका ओळीपाशी थांबा. हाडाबद्दल ती नेमकी आहे. मोडलं कुठे, तुकडे सरकले का, त्वचा फाटली का, हे सगळं तिथं आहे, कारण उपचाराला ते लागतं. घटनेबद्दल मात्र त्या ओळीत काहीच नाही. मुलगा गच्चीवरून पडला का? शाळेत कबड्डी खेळताना पडला? दुकानात गठ्ठे चढवताना शिडीवरून? स्कूटर चालवताना? कुणी ढकललं? आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत जखमेचं स्वरूप आणि जखमेचं कारण यांसाठी दोन वेगवेगळी प्रकरणं आहेत. पहिल्याचे संकेतांक एस आणि टी या अक्षरांचे, दुसऱ्याचे व्ही पासून वाय पर्यंतचे. पहिलं प्रकरण भरल्यावाचून रुग्णाचा कागद पुढे सरकत नाही. दुसरं भरलं नाही म्हणून कुणाचं प्लास्टर अडत नाही. म्हणून ते रिकामं राहतं, किंवा ‘अनिर्दिष्ट’ नावाच्या कप्प्यात जातं. पण अपघात टाळायचा असेल तर उपयोग याच दुसऱ्या प्रकरणाचा असतो.

एक वही झाली. आता त्याच मुलाचं एक वर्ष बघा. संक्रांतीला धूलपेठेतून आणलेल्या मांजानं त्याची दोन बोटं चिरली. चिंधी बांधली, संपलं. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली देशभर बंदी घातली आहे, पण पोराच्या हातात तो आला असेल तर घरात ते बोललं जाण्याची शक्यता आणखीच कमी. उन्हाळ्यात क्रिकेटच्या चेंडूनं दात अर्धा तुटला. त्यासाठी वेगळा दवाखाना, दातांचा. दिवाळीत फटाक्याची ठिणगी डोळ्यात गेली. ती केस मेहदीपट्टणमच्या सरोजिनी देवी नेत्र रुग्णालयात. धाकट्या बहिणीनं नाकात मणी घातला, ती कोठीला. मुलगा आणखी लहान असता तर लकडी-का-पुलाजवळच्या निलोफरला नेला असता. चौदाव्या वर्षी तो मुलांतही बसत नाही आणि मोठ्यांतही. एकाच घरची पोरं, एकच वर्ष, आणि नोंदी चार-पाच इमारतींत. प्रत्येक वहीला त्याचा एकेक अवयव माहीत आहे. संपूर्ण पोरगा कुणालाच माहीत नाही.

आणि बरेचजण तर या कुठल्याच दारात जात नाहीत. हैदराबादेत हाड मोडलं की जर्राहकडे, पहिलवानाकडे नेण्याची रीत जुनी आहे; हाड बसवणाऱ्या पुत्तूरच्या पट्टीच्या पाट्या शहरभर दिसतात. आपल्याकडे मराठवाड्यात हाडवैद्याकडे नेतात, तसंच. या उपचाराच्या बऱ्यावाईटाचा वाद इथं नको. मला एवढंच दिसतं की मोडलेल्या हातांचा एक मोठा हिस्सा तिथं जातो आणि तिथं वही नसते.

आता नजर थोडी उंच करू. ज्यांना किरकोळ लागलं ते दवाखान्यात येत नाहीत, हे समजण्यासारखं आहे. पण ज्यांना सर्वांत जास्त लागलं तेही येत नाहीत. विहिरीत, तळ्यात, खदानीत बुडालेलं मूल कॅज्युअल्टीच्या वहीत सहसा नसतं. ते थेट पंचनाम्यात जातं. जागच्या जागी गेलेला मोटारसायकलवाला पोलिसांच्या कागदात असतो, उपचाराच्या कागदात नाही. म्हणजे दवाखान्याला मधला पट्टा दिसतो. वरचं टोक शवागारात आणि खालचं टोक घरात. चाळणीत जे अडकलं त्यावरून पोत्यात काय होतं ते सांगायचं, तर चाळणीची भोकं केवढी होती हे आधी कळायला हवं.

ती भोकं मोजण्याचं काम हैदराबादेतच झालेलं आहे, आणि फार नीट झालेलं आहे. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजमधल्या राखी दंडोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शहरात घरोघरी जाऊन ५ ते ४९ वर्षं वयाच्या १०,४५९ लोकांची पाहणी केली. गेल्या बारा महिन्यांत रस्त्यावर कुणाला लागलं, उपचार कुठे घेतले, पोलिसांना कळवलं का, असे प्रश्न होते. सोबत शहरातल्या पाच दवाखान्यांच्या आपत्कालीन विभागांत येणाऱ्या जखमींनाही त्यांनी विचारलं. निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. घरोघरच्या पाहणीत जे बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेऊन घरी गेले त्यांच्यापैकी २.३ टक्के लोकांची बाब पोलिसांपर्यंत गेली होती. ज्यांना भरती व्हावं लागलं त्यांच्यापैकी १७.२ टक्के.

हे दोन आकडे पुन्हा एकदा हळू वाचा. भरती होण्याइतकं लागलेल्या शंभर माणसांमधली ब्याऐंशी-त्र्याऐंशी माणसं पोलिसांच्या कागदावर नाहीत. आणि आपल्या देशात रस्ते अपघातांची जी वार्षिक आकडेवारी छापली जाते, ती पोलिसांच्या कागदावरून तयार होते. मृत्यूसारखी न लपणारी गोष्टसुद्धा त्यात पुरती मावत नाही. २०२१ साठी सरकारनं १,५३,९७२ मृत्यू नोंदवले. जागतिक आरोग्य संघटनेचा त्याच वर्षासाठीचा अंदाज २ लाख १६ हजारांच्या वर आहे. जगभर ५ ते २९ या वयात मृत्यूचं पहिलं कारण रस्त्यावरची दुखापत हे आहे, हेही तीच संघटना सांगते. म्हणजे ज्या वयाबद्दल आपल्याला सर्वांत जास्त माहिती हवी, नेमक्या त्याच वयाची गोष्ट आपण अंदाजानं सांगतो आहोत.

दवाखान्याची वही पोलिसांच्या वहीपेक्षा नक्कीच बरी. पण किती बरी, हे विचारायची सवय आपल्याला नाही. कॅनडानं ती लावून घेतली. १९९० पासून तिथं मुलांच्या दवाखान्यांच्या आपत्कालीन विभागांत एक छोटा प्रश्नकागद भरून घेतला जातो: काय झालं, कुठे, काय करत असताना. या व्यवस्थेच्या मर्यादा ती चालवणारेच उघडपणे लिहितात. मोठ्या वयाचे किशोर तिच्यात कमी दिसतात, कारण ते सर्वसाधारण दवाखान्यांत जातात. खेड्यातले आणि आदिवासी समाजांतले कमी दिसतात. जागीच मृत्यू पावलेले कमी दिसतात. मला या प्रांजळपणाचं फार महत्त्व वाटतं. आपल्या वहीत कोण येत नाही याची यादी वहीच्या पहिल्या पानावर असावी, म्हणजे आतले आकडे वाचणाऱ्याची फसगत होत नाही.

इथं रेसिडेन्सीच्या परिसरातलीच एक जुनी गोष्ट आठवते. एडवर्ड लॉरी हे तिथले सर्जन. क्लोरोफॉर्म देताना रुग्णाच्या श्वासाकडे लक्ष ठेवा, नाडीची काळजी नको, अशी त्यांची ठाम शिकवण होती, आणि ती तपासायला १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत दोन आयोग बसले. दुसऱ्यासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. रूपाबाई फर्दुनजींसारखी तरुण डॉक्टर त्या कामात होती, ही या शहराच्या अभिमानाची बाब. कष्ट खरे होते, प्रयोग पुष्कळ झाले, आणि निष्कर्ष निघाला की आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. पुढे १९११ च्या सुमारास गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदय अचानक बिघडून माणूस जाऊ शकतो. सच्च्या, मेहनती माणसांनी जिथं बघायचं ठरवलं होतं तिथं बघितलं, आणि धोका दुसरीकडे होता. पोरांच्या जखमांचं मला नेमकं हेच भय वाटतं.

आता सर्वांत अवघड भाग. तो वाचताना मन घट्ट करू नका, उलट सैल सोडा.

आतापर्यंत आपण समजत होतो की नोंद चुकते ती घाईनं, गर्दीनं, वेगवेगळ्या इमारतींमुळे. पण पोरांच्या कितीतरी जखमा वहीत येत नाहीत याचं कारण वेगळं आहे. त्या येऊ नयेत असं कुणालातरी वाटत असतं. पुन्हा त्या कॅज्युअल्टीच्या टेबलापाशी चला. “गिर गया साब.” समजा, मुलगा वडिलांची स्कूटर चालवत होता. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनं अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. कायदा योग्य हेतूनं केलेला आहे; पोरांच्या हाती गाडी देऊ नये हे मलाही पटतं. पण त्या रात्री त्या बापाच्या तोंडून ‘पडला’ हाच शब्द निघणार. आणि वहीत चौदा वर्षांच्या स्कूटर चालवणाऱ्यांची संख्या कमी झालेली दिसेल.

समजा, मुलगा वर्षभरानं लहान होता आणि दुकानात कामाला होता. चौदा वर्षांखालच्या पोराला कामावर ठेवणं गुन्हा आहे, म्हणून मालक स्वतः ओळखीच्या डॉक्टरकडे घेऊन जातो, बिल भरतो, आठवडाभराची सुट्टी देतो. त्याचं वागणं त्या पोराशी कदाचित मायेचंही असेल. नोंद मात्र होत नाही, आणि त्या अरुंद माळ्यावरची शिडी पुढच्या पोरासाठी तशीच राहते.

समजा मुलगी आहे. सतरा-अठरा वर्षांची. भाजलेली. ‘स्टोव्हचा भडका उडाला,’ असं सोबतची माणसं सांगतात, आणि ती माणसं खाटेपासून हलत नाहीत. २००९ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं काढलं की २००१ या एका वर्षात भारतात भाजून सुमारे १,६३,००० मृत्यू झाले; त्यांत सुमारे १,०६,००० स्त्रिया होत्या आणि त्या बहुतांशी १५ ते ३४ या वयातल्या. पोलिसांनी नोंदवलेल्या आकड्याच्या हे सहापट. एवढ्या मुली कुठल्या अर्थानं ‘अपघातानं’ गेल्या, हा प्रश्न कॅज्युअल्टीतल्या एका ओळीला पेलणारा नाही. आणि ज्या मुलामुलींनी स्वतःच स्वतःला इजा करून घेतली, त्यांच्याबद्दल घरचे ‘चुकून प्यायलं’ म्हणतात. कितीतरी वर्षं त्यामागे आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणाऱ्या कलमाची भीती होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ती सैल केली. भारतीय न्याय संहितेत ते जुनं कलम उरलेलंही नाही. पण लोकलाज कुठल्या दुरुस्तीनं जात नाही. अशा पोराला त्या रात्री प्लास्टर आणि सलाईनपलीकडे कुणीतरी शेजारी बसून बोलणारं हवं असतं. ‘चुकून’ या शब्दानं त्याचा तो हक्कही बुडतो.

इथं जरा वेळ बसा. आपल्या माहितीतलं असं एखादं घर आठवलं असेल, तर त्या आठवणीला घालवू नका.

संख्याशास्त्रात एक सुंदर पद्धत आहे. दोन अपुऱ्या याद्या जवळजवळ ठेवून, त्यांच्यात समाईक नावं किती यावरून एकूण किती असतील याचा अंदाज करायचा. दवाखान्याच्या यादीत ६० पोरं, शाळेच्या यादीत ५०, आणि दोन्हीकडे असलेली १०. म्हणजे एकूण साधारण ३००: साठ गुणिले पन्नास, भागिले दहा. माणसांच्या नोंदींसाठी ही रीत नावाजली ती चंद्रशेखर आणि डेमिंग यांच्या १९४९ च्या निबंधामुळे, आणि तो बंगालमधल्या सिंगूरच्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवर उभा आहे. आपल्याच मातीतलं काम. जखमांच्या बाबतीतही जगभर ही रीत वापरतात.

पण तिची एक अट आहे. एका यादीत नाव असण्याचा दुसऱ्या यादीत नाव असण्याशी संबंध नको. १०८ च्या ॲम्ब्युलन्सची यादी घ्या. ही सेवा २००५ च्या १५ ऑगस्टला हैदराबादेतूनच सुरू झाली. ती दवाखान्याच्या यादीशेजारी ठेवली तर दोन्हींत तीच नावं दिसणार, कारण ॲम्ब्युलन्सनं पोराला दवाखान्यातच आणलं. मग एकूण अंदाज फार कमी येईल. आणि आता आपल्या स्कूटरवाल्या मुलाकडे बघा. ज्या कारणानं बाप दवाखान्यात खरं बोलला नाही, त्याच कारणानं तो शाळेत बोलणार नाही, आणि घरी प्रश्नावली घेऊन आलेल्या बाईंनाही सांगणार नाही. एकच भीती तिन्ही वह्यांमधून एकाच पोराचं नाव पुसते. तीन वह्या एकमेकींशी जुळतात आणि आपल्याला वाटतं, चला, आकडा पक्का झाला. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथं आहे. विखुरलेल्या नोंदी जोडता येतात. संगणक आले, ओळखक्रमांक आले, ते होईलही. एकाच कारणानं सगळीकडून गप्प केलेली जखम मात्र याद्या जोडून सापडत नाही. ती सापडण्यासाठी त्या पोराला कुणीतरी सुरक्षित वाटेल अशा रीतीनं विचारावं लागतं.

घरोघरची पाहणी हाच मग खरा उपाय, असंही म्हणता येत नाही, कारण घरं विसरतात. घानामधल्या एका अभ्यासात लोकांना गेल्या महिन्याबद्दल विचारलं तेव्हा दुखापतीचं प्रमाण वर्षाला शंभरी २७.६ आलं, त्याच लोकांना बारा महिन्यांबद्दल विचारलं तेव्हा ७.६. महिनाभर किंवा अधिक काळ कामापासून दूर ठेवणाऱ्या दुखापती फारशा विसरल्या गेल्या नव्हत्या. बाकीच्या विरून गेल्या. म्हणजे किरकोळ जखमा विचारायच्या तर लवकर विचारायला हव्यात, आणि मोठ्या जखमांसाठी वर्ष चालतं.

मग कॅज्युअल्टीची ती लांबट वही निरुपयोगी आहे का? मी तसं मुळीच मानत नाही. किती पोरांना लागतं, हे ती सांगू शकत नाही. उस्मानियाला आदिलाबादकडची, नांदेड-देगलूरकडची माणसंही येतात, आणि सुलतान बाजारातलं बऱ्या घरचं पोर खासगी दवाखान्यात जातं. तेव्हा तिथल्या संख्येला कुठल्या लोकसंख्येनं भागायचं हेच ठरत नाही. पण कसं लागतं, हे ती सांगू शकते, तेही कुठल्याही पाहणीपेक्षा आधी आणि ताज्या आठवणीतून. एकाच गल्लीतून तीन पोरं एकाच जिन्यावरून पडून आली, हे फक्त त्या टेबलावरच्या माणसाला त्याच आठवड्यात कळू शकतं. मांजानं गळा कापलेला पहिला दुचाकीस्वार जानेवारीच्या पहिल्या तारखेला आला, तर संक्रांतीला अजून दोन आठवडे असतात. तेवढ्यात पोलीस, पालिका, शाळा हलू शकतात. मात्र त्यासाठी दुसऱ्या प्रकरणाची ती एक ओळ खरी भरलेली हवी.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ साली दुखापतींच्या नोंदीसाठी जी मार्गदर्शक पुस्तिका काढली, तिच्यात किमान रकाने आठच आहेत: ओळखक्रमांक, वय, लिंग, हेतू, ठिकाण, त्या वेळी चाललेलं काम किंवा खेळ, दुखापत कशानं झाली, आणि जखमेचं स्वरूप. भरायला फार वेळ लागत नाही. लागतं ते विचारणारं माणूस, आणि ते घाईतल्या डॉक्टरांखेरीज दुसरं असलेलं बरं: एखादी नर्स, एखादी समाजसेविका, इंटर्न. प्रश्न पोराला विचारायचा, वडील एक्स-रेची चिठ्ठी घ्यायला गेले असताना. तेलुगूत, दखनीत, मराठीत, त्याच्या भाषेत. आणि विचारताना त्याला स्पष्ट सांगायचं की या कागदावरचं उत्तर फक्त मोजणीसाठी आहे, नावानिशी कुठे जात नाही. हा कागद एमएलसीच्या वहीपासून वेगळा असला तरच हे वचन पाळता येईल. पोराच्या जिवाला घरातच धोका असेल, तर कायद्यानं आणि माणुसकीनं जे करायचं ते करावंच लागेल. त्याची वाट वेगळी ठेवावी आणि तीही पोराला आधीच सांगावी.

याच्या जोडीला वर्षातून एकदा घरं. उस्मानिया मेडिकल कॉलेज कोठीतच आहे. जनआरोग्य शिकणारी तिथली मुलं याच गल्ल्यांमधून रोज येतात-जातात. सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा एवढ्या भागापुरतं जरी त्यांनी संक्रांतीनंतरच्या महिन्यात घरोघर विचारलं, हाडवैद्यांना विचारलं, गल्लीतल्या डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्यांना विचारलं, शाळांमधून पोरांकडून बिननावाचे कागद भरून घेतले, आणि मग ते सगळं कॅज्युअल्टीच्या वहीशेजारी ठेवलं, तर या भागापुरती ती भोकं किती मोठी आहेत ते कळेल. स्कूटरसाठी एक आकडा येईल, गच्चीसाठी दुसरा, दुकानातल्या माळ्यासाठी तिसरा. पुढच्या वर्षी वहीत शिडीवरून पडलेली चार पोरं दिसली, की त्या चारांना कितीनं गुणायचं हे ठाऊक असेल, आणि कुठल्या गल्लीत जाऊन शिडी बघायची हेही.